शेवटून पहिली

बाबा, मला एका मुलीचा हेवा वाटतो, आणि ती मुलगी धावताना सगळ्यांच्या मागे असते. हे तुम्हालाच सांगता येईल, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर माझं डोकं फिरलंय असं वाटेल. मी इथे आयर्लंडमध्ये, पोर्टलीशच्या एका लहानशा कॉलेजात हिशेब बघते. यंदा पैसे कमी आले तेव्हा प्रिन्सिपलबाई म्हणाल्या, ॲथलेटिक्स चालू ठेवायचं की बंद करायचं, ते तू बघून सांग. तालुक्याच्या कॉलेजात जिमखान्याच्या पैशांसाठी जन्मभर भांडलेल्या माणसाची मुलगी टेबलाच्या पलीकडे जाऊन बसली, असं तुम्ही आज असतात तर नक्की म्हणाला असतात. आकडे सरळ होते. ट्रॅकचं भाडं, बस, विमा, आणि धावणारी मुलं एका मिनीबसमध्ये मावतील एवढीच. 'बंद करा' असं लिहून मी मोकळी होणार होते.

तुमच्या जिमखान्याचे पैसे कधीच वेळेवर आले नाहीत. मग तुमचा पगार होता आणि आईचं स्वयंपाकघर होतं. सकाळचा सराव संपवून हॉस्टेलच्या मुली आपल्याकडे येतायत, आई अंडी उकडतेय, मी केळी वाटतेय. त्यातली ती चारशे मीटरवाली ओट्याला टेकून उभी राहायची आणि तुम्हाला खुशाल 'बाबा' म्हणायची. मी मात्र मैदानावर पाऊल टाकलं की 'सर' म्हणायचं, असा तुमचा हुकूम. मास्तरची लाडकी लेक असं कुणाला वाटायला नको. तिचे स्पाइक्स फाटले तेव्हा तुम्ही पुण्याला जाऊन नवे आणलेत आणि माझी सायकल पुढच्या वर्षावर गेली. माझ्या पोटात दुखायचं, अगदी खरं सांगते. आठवीत असताना एकदा मी हट्टाने धावायला उभी राहिले. बाकीच्या पोहोचल्या, मी अजून वळणावरच होते, आणि समोर बघते तर तुम्ही पाठमोरे. तिला घड्याळ दाखवून काहीतरी समजावत होतात. मी रेघ ओलांडली तेव्हा शिपाई चुन्याचं घमेलं उचलून निघाला होता. घरी आल्यावर म्हणालात, "तुझं अंग धावायचं नाही. तू आपली शेवटची फीत धरत जा." त्यावर शेजारचे काका म्हणाले, "दिव्याखाली अंधार हो, दुसरं काय!" तुम्हीही हसलात. मला ते फार लागलं.

तर कागद लिहिण्याआधी एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून गेल्या महिन्यात एका गुरुवारी मी ट्रॅकवर गेले. इथला कोच आमच्याकडे सुतारकाम शिकवतो. धावणं शिकवायचे त्याला वेगळे पैसे मिळत नाहीत. त्याची मुलगीही आमच्याच कॉलेजात आहे आणि ती संघात का आहे, हे पहिल्याच फेरीत कुणीही विचारलं असतं. बाकीची मुलं धावणं संपवून, कपडे बदलून बसकडे गेली. बारीक पाऊस तिरका लागतोय, ती एकटी रखडत येतेय, आणि हा बाबा खिशात हात घालून रेघेवर उभा आहे. मी म्हटलं, बस खोळंबलीय. तो म्हणाला, "शुअर, ती येतेय ना अजून." अगदी साधेपणाने म्हणाला, जणू मीच काहीतरी विचित्र बोलले होते. ती आली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि म्हणाली, "वॉज दॅट एनी बेटर, डॅड?" "नॉट अ बिट," तो हसून म्हणाला, "बट यू आर ग्रँड." आणि आपलं जॅकेट काढून त्याने तिच्या खांद्यावर टाकलं. बाबा, मी या वयात, ऑफिसच्या बुटांत, त्या चिखलात उभी राहून त्या पोरीवर जळले. त्याच रागात घरी येऊन 'बंद करा' लिहायला घेतलं असतं तर ते आकड्यांच्या आड सहज लपलं असतं.

पुढच्या शनिवारी कोचला माणसं कमी पडली म्हणून त्याने मलाही ओढलं. इथे संघासाठी पैसे जमवायची एक रीत आहे. मुलं सुपरमार्केटच्या काउंटरवर उभी राहून लोकांचं सामान पिशव्यांत भरून देतात आणि लोक शेजारच्या बादलीत नाणी टाकतात. मी एका काउंटरवर बटाटे भरतेय आणि समोर आमच्या गणपतीला येणारी नागपूरची डॉक्टरीणबाई! तिने मला बाजूला घेतलं, हळूच विचारलं, "अगं, जॉब गेला का तुझा? सांगायचं ना, आम्ही काय परके आहोत?" आणि पन्नास युरोची नोट माझ्या मुठीत कोंबली. मी बादली दाखवली, कॉलेजचं सांगितलं, तेव्हा ती लाजली, मग खो खो हसली. "ठेव आता, त्या पोरांना दे. पण तू यात कशी? तू पण धावायचीस का?" म्हटलं, माझे वडील धावायला शिकवायचे. "अरे वा! मग तुला तर घरीच कोच!" मी हो म्हटलं. शेजारच्या काउंटरवर कोचच्या मुलीने पावाच्या लादीवर दुधाचे कॅन ठेवले होते. बापाने ते काढले, गिऱ्हाईकाची माफी मागितली आणि म्हणाला, "शी इज माइन, आय ॲम अफ्रेड." ज्या सुरात तो हे बोलला, त्या सुरात तुम्ही फक्त पदकांबद्दल बोलायचात.

सोमवारी मी लिहून दिलं, ॲथलेटिक्स चालू ठेवावं. बस फुटबॉलवाल्यांबरोबर वाटून घेता येईल असं कारण दिलं, आणि ते खोटं नाही. कोच मुद्दाम ऑफिसात येऊन माझा हात दाबून गेला. तुम्हाला कळलं असतं तर पोरीने बापाचं नाव राखलं म्हणून गावभर सांगितलं असतंत, म्हणूनच हे पाठवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही ते आधी तिला, त्या चारशे मीटरवालीला, वाचून दाखवलं असतंत. खरी गोष्ट अशी की मी आता दर गुरुवारी काहीतरी निमित्त काढून ट्रॅकवर जाते आणि कुंपणापाशी उभी राहते. त्या माणसाने एकदा तरी कंटाळावं, मुलगी वळणावर असताना पाठ फिरवून चालू लागावं, एवढीच वाट बघते. मग सगळेच बाप असे असतात असं म्हणून मला तुमच्यावरचा राग सोडून देता येईल. बाबा, तो अजून एकदाही गेलेला नाही.