दोन फिल्टर, दोन वैशाली

नाशिक, मंगळवार, संध्याकाळी साडेसात

दिवसभर एका 'फिल्टर'ने डोकं खाल्लं. पायथॉन या संगणकभाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये 'आर' या दुसऱ्या भाषेतली काही फंक्शन्स बोलावली, तर दोन्हीकडे 'फिल्टर' नावाचं फंक्शन! मी हाक मारायची घरच्याला आणि ओ द्यायची पाहुण्याने. कांद्याच्या प्रतवारीचे आकडे चुकतायत हे कळेपर्यंत दुपार गेली. शेवटी पाहुण्याचं नाव 'आर_फिल्टर' करून टाकलं. पाच मिनिटांत सगळं सुरळीत.

तेवढ्यात देवळ्याहून सासूबाईंचा फोन. धाकट्या दिराचं लग्न ठरलंय ना, ती मुलगीही माझ्यासारखी वैशालीच! एका घरात दोन वैशाली कशा चालायच्या? आणि नाव बदलायला ती तयार नाही. शाबास! मीही नव्हते झाले.

मी फुशारकीने म्हटलं, "आई, नाव कशाला बदलता? बाहेरच्या वैशालीला तिचं गाव जोडा, झालं. आजच केलंय मी हे."

त्या म्हणाल्या, "पटलं बाई. पण ती इथं राहणार, दिवसातून पन्नास वेळा तिला हाक मारायची. तू येती दिवाळीला आन् आखाजीच्या सणाला. मग बाहेरची कोण?"

अकरा वर्षं त्या घरची थोरली सून आहे मी!

"बरं, ठेवते हां, नाशिकची वैशाली," म्हणाल्या आणि ठेवलाच फोन.

मघापासून स्क्रीनवरच्या त्या आर_फिल्टरकडे बघतेय. बिचाऱ्याला मी विचारलंही नव्हतं.