करवतीचं दुसरं टोक

प्रिय आईस, प्रभूच्या कृपेत सुखरूप असलेल्या तुझ्या थोरल्याचा सलाम.

माझी तब्येत ठणठणीत आहे. जेवण पोटभर मिळतं, मीठ तेवढं लहरीवर असतं. तुझे गुडघे काय म्हणतात?

तुरुंगाच्या सुतारखान्यात आम्ही प्रार्थनेच्या खोलीसाठी बाक करतोय. ओंडके चिरायला दोघांची करवत लागते. माझ्या समोरच्या टोकाला कोण आहे, सांगू? माझा तोच साथीदार, ज्याने कोर्टात सगळा दोष माझ्या माथी मारला. सुरुवातीला मी रागाने करवत त्याच्या अंगावर ढकलायचो आणि ती दर वेळी अडकायची. मिस्त्री म्हणाले, "बाबा रे, ही ढकलायची नसते. आपण ओढायची, मग हात सैल सोडायचा, म्हणजे समोरचा ओढतो."

रविवारी पाळकांनी क्षमेची प्रार्थना घेतली, तेव्हा मला तो सैल हातच आठवला. आता करवत सरळ चालते. काल तो मान खाली घालून म्हणाला, "माफ कर." मी म्हटलं, "केव्हाच केलं. ओढ आता."

माझा विषय निघाला की बाबा अजून उठून जातात का? त्यांच्या मागे लागू नकोस. त्यांना ओढावंसं वाटेपर्यंत मी माझं टोक सैल धरून उभा आहे.

तुझा,
सुतार झालेला लेक