खाली संग्रहालय, वर आम्ही

माय, मी आता राहते ती इमारत बघताना तुझा डोक्यावरचा पदर मागं पडला असता, इतकी ती उंच आहे. खालचे मजले संग्रहालयाचे, वर नुसती घरं. तुझ्या नातवाला शेंद्र्याच्या कंपनीत चांगली नोकरी लागली, त्यानं हौसेनं इथं घर घेतलं. पहिल्यांदा बाल्कनीत उभी राहिले, मुकुंदवाडीकडचा रेल्वेचा रूळ दिसला, आणि जागा ओळखली. हे तेच रान, जिथं तू उन्हाळ्यात मेंढ्या बसवायचीस.

तो दिवस तू कधी बोलून दाखवला नाहीस. त्या साली पाऊस लागला तरी आपण त्याच रानात होतो, आणि विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव घरं पेटत होती. दिवस कलायला आलाय, तू तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकतेयस, मी शेजारी बसलेय, आणि बौद्धवाड्यातली मावशी तान्ह्या लेकीला छातीशी धरून रानातून पळत येते. तुम्ही दोघी चिकलठाण्याला कारखान्यांच्या बांधकामावर बरोबर विटा वाहायचात. तिच्या लुगड्याला धुराचा वास होता. तू काही विचारलं नाहीस. तिला मेंढ्या कोंडायच्या वाघरीच्या जाळ्यात, मेंढ्यांच्या मधोमध बसवलंस, वरून घोंगडी टाकलीस आणि येऊन भाकरी उलटलीस.

मग घरं पेटवणारे आले. पुढं रानाचा मालक. त्याच्याच धान्यावर आपला उन्हाळा निघायचा.

"इकडं कुणी आलं का गं?"

"इथं कोण येतंय, मालक. मेंढ्या हायेत नुसत्या."

तो वाघरीकडं बघत राहिला. कोकरं ओरडत होती, त्यात एखादा आवाज लेकराचा असला तरी ओळखू येत नव्हता. भाकरी करपल्याचा वास आला तरी तुझा हात हलला नाही. मला वाटतं, त्याला कळलं होतं. तरी तो गेला. का गेला, ते मला आजही उमगत नाही. मावशीचं घर पेटवताना तिनं त्यालाच पाहिलं होतं, हे तिच्याच तोंडून मी ऐकलं, तू गेल्यावर.

ही इमारत त्याच्या पोरांनी बांधलीय, माय. संग्रहालयात एक दालन या शहराच्या वाढीचं आहे. कारखाने, कामगार, मोर्चे. आपल्याकडं होती तसली एक घोंगडी काचेत टांगलीय. शेवटच्या भिंतीवर त्याचा मोठा फोटो, आणि खाली लिहिलंय की त्या दिवसांत यांनी वस्तीच्या पुढं उभं राहून माणसं वाचवली. शाळेची पोरं रांगेनं येतात आणि ते मोठ्यानं वाचतात. तिथं कामाला असलेली मुलगी जुन्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करते. मी तिला मावशीबद्दल सांगितलं, तिनं रविवार ठरवला. मावशीला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "बोलंन की. मला कुठं कुणी इचारलं व्हतं."

परवा लिफ्टमध्ये तो मालकच होता. काठी, पांढरा सदरा, सोबत कुणी नाही. दार मिटल्यावर त्यानं माझ्याकडं नीट बघितलं.

"मेंढ्यावालीची लेक ना तू?"

"व्हय."

"त्या दिशी वाघरीत नुसत्या मेंढ्याच व्हत्या का?"

त्याचा आवाज चढला नव्हता. उलट मायेनं विचारल्यासारखा होता. मी मजल्यांचे आकडे बदलताना बघत राहिले.

"ती बाई खाली काहीतरी सांगणारय म्हणं," तो म्हणाला. "कुठं ऱ्हाती आता?"

"मला नाय ठाऊक."

तो हसला. माझा मजला आला, मी उतरले. दार लगेच मिटलं नाही. त्यानं आतून बटण दाबून धरलं होतं, मी कोणत्या घराचं कुलूप काढते ते दिसेपर्यंत.

मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हातारं माणूस आहे आई, काय करणार?" पण काल दुपारी एक अनोळखी माणूस दारात येऊन, तुमच्याकडं रविवारी कोण पाहुणं येणार आहे, असं विचारून गेला.

हे तुला कुठं पाठवू? लिहून उशाखाली ठेवते आहे. मावशी रविवारी आठवणी सांगायला यायची आहे, आणि तो माझ्याच वरच्या मजल्यावर राहतो, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ऐकूनही ती येईलच, याची मला भीती वाटते.