न ऐकलेले निरोप

३ मार्च
लागले एकदाची कामाला! एकट्या राहणाऱ्या वृद्धांची ही मदतवाहिनी. टेबल खिडकीशी, शेजारी फोन घेणारी ताई. खुर्ची टोचते म्हटल्यावर तिने लगेच स्वतःची उशी दिली. लाइन व्यस्त असताना आलेले निरोप रेकॉर्ड होतात. एक्सेलच्या यादीत प्रत्येक नावामागे त्या रेकॉर्डिंगची लिंक दडलेली असते. तिचा पत्ता शेजारच्या रकान्यात उतरवायचा, निरोप ऐकायचा, मग पुढे ‘ऐकला’ लिहायचं. आमच्या साहेबीण बाईंनी हे दोनदा समजावलं.

५ मार्च
काल एकेक पत्ता कॉपी करून बोटं दुखली. आज आठ ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने आपोआप काम करावं म्हणून छोटा प्रोग्रॅम, लिहिली. ती एकेक सेल तपासते, लिंक असली तर पत्ता काढून शेजारी टाकते. अकराशे पत्ते चहा निवायच्या आत! मग मोह झाला. नववी ओळ घातली : न ऐकताच सगळ्यांपुढे ‘ऐकला’. बाईंनी सर्वांदेखत पाठ थोपटली. मीही थोपटून घेतली.

९ मार्च
एक आजी घरात मृत सापडल्या. पाच तारखेला पडल्या होत्या, तेव्हाच आम्हाला निरोप ठेवला होता. यादीत पुढे ‘ऐकला’. कोणी ऐकला, बाईंनी विचारलं. मी ताईचं नाव घेतलं. ती माझ्याकडे बघत राहिली. दुपारी तिला कामावरून काढलं. उशी इथेच आहे. मी तिच्यावर बसते.

१० मार्च
मान वर होत नाही. स्क्रिप्ट चालवली, तर शेवटी आजींच्या नावाची नवी ओळ, तारीख आजची. लिंक उघडली. नुसती धाप. मग म्हणाल्या, “पडलेय गं. कुणी आहे का?”
ओळ पुसली.

११ मार्च
पुन्हा ती ओळ. स्क्रिप्टने आज काढलेला पत्ता लिंकचा नाही. माझ्या खोलीचा. मजला, दार, सगळं —

१२ मार्च
भर दुपारी घरी पळून आले. बाईंना फोन करून सगळं ओकले — नववी ओळ, ताईवरचा आळ. त्यांनी एवढंच विचारलं, आजींचा पाच तारखेचा मूळ निरोप आता तरी ऐकलास का?
नाही.
त्यांनी फोन ठेवला.
मोरीत कोणीतरी धापा टाकतंय.
“उठव गं मला.”
पळता येईल. दार उघडंच आहे. पण पुन्हा न ऐकल्यासारखं —
वही हातात घेऊनच आत आलेय. आजी पालथ्या पडल्यात. हात पुढे केला. गार. धरलाय त्यांनी. उठत नाहीयेत, मलाच खाली —