चहा टाका, मी बोलते

वोल्फ्सबुर्ग,
रविवार

प्रिय मुक्ता,

तुझ्या ईप्सिताच्या साखरपुड्याचे फोटो पाहिले. मोरपिशी रंग तिला खुलतो, तुझ्यासारखाच. ध्रुवही शांत, चांगला मुलगा वाटला. हे मनापासून लिहिते आहे. पुढचं वाचताना ते विसरू नकोस.

फोनवर तू विचारतेस, वहिनी, आवाज असा का येतोय? फोनवर मला सांगता येत नाही. तुझा दादा होता तेव्हा घरातलं बोलणं त्याच्याकडे होतं आणि वाचणं माझ्याकडे. तू गार्चिंगला शिकायला आलीस तेव्हा हिवाळी बूटसुद्धा नव्हते तुझ्याकडे. माझे तुला दिले आणि मी दादाच्या बुटांत कागदाचे बोळे कोंबून दुकानात जायचे. तू हसायचीस, वहिनी, बदकासारख्या चालता! सुट्टीला यायचीस तेव्हा माझी छोटी ईश्वरी तुझ्या मांडीवर बसून जर्मन गोष्टी ऐकायची. तीच पुस्तकं मग मी भाजी निवडता निवडता वाचायचे. माझं जर्मन तिथलंच, अस्वलांचं आणि सशांचं. विम्याच्या बाईंसमोर ते पुरणार नाही असं वाटलं, म्हणून तुला बोलावलं. परक्या कोणाला बोलावलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं, आणि असं वाटावं याचंच वाईट वाटतं.

सायकलवरून पडून डोक्याला मार लागल्यापासून ईश्वरीची उजवी बाजू आणि जीभ दोन्ही मागे राहिली; घराबाहेर पडायचं तर चाकांची खुर्ची लागते. कळतं मात्र सगळं. सरकारी विम्याची बाई घरी येऊन बघते की माणसाला किती आधार लागतो, आणि त्यावरून प्फ्लेगेग्राड ठरवते. त्या दर्जावरच तिचं दिवसाचं केंद्र चालत होतं. तिथे तिच्या बोटांना व्यायाम देत, एकेक शब्द घोळवून घेत. 'माम्मा' सोडून 'आई' म्हणायला ती तिथेच शिकली, एका थेरपिस्टने मुद्दाम मला विचारून घेतलेला शब्द. केंद्रातल्या नर्सने बजावलं होतं, सगळ्यात वाईट दिवस सांगा, लाजू नका. हे मी तुला दोनदा सांगितलं होतं. तू म्हणालीस, हो हो, गेनाऊ, अगदी तसंच.

आणि आलीस ती ध्रुवच्या मावशीला घेऊन. त्या ब्राउनश्वाइगला राहतात, स्टेशनवरून त्यांनीच सोडलं, म्हटलं चला वर चहाला, असं तू म्हणालीस. मला तेव्हा काही खटकलं नाही. तू ईश्वरीला माझा रेशमी कुर्ता घातलास, वेणी घातलीस, टिकली लावलीस. पाहुणे यायचेत म्हणून आपण मुलांना नटवतोच, असं मी मनाला सांगितलं. विम्याच्या बाई टेबलाशी बसल्या, मावशी सोफ्यावर, आणि तू मला म्हणालीस, वहिनी, तुम्ही चहा टाका, मी बोलते.

मी आलं किसत राहिले. ट्रे घेऊन बाहेर आले तर बाई उठायच्या बेतात होत्या. तू म्हणालीस, सगळं छान झालं. मावशीही म्हणाल्या, आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा मुलगी किती बरी आहे! त्या वाक्यात सगळं होतं. मला ते तेव्हा ऐकू आलं नाही.

महिन्याभरात दर्जा खाली आला आणि तिचं केंद्रात जाणं बंद झालं. मी विमावाल्यांना दोष देत बसले. मग एका सकाळी न्हाणीघरातून आवाज आला. जाऊन पाहते तर ईश्वरी फरशीवर, अंगात अर्धवट घातलेला कुर्ता, कपाळ फुटलेलं. एकटी आंघोळ करायला गेली होती. रडत नव्हती. तिच्या तुटक जर्मनमध्ये सांगत होती, आत्याने त्या बाईंना सांगितलं ना, मी एकटी आंघोळ करते, एकटी जेवते, चहासुद्धा करते. मग मला यायला हवं ना? आत्या खोटं कशाला बोलेल?

तिला काय सांगू? की तिच्या आतेबहिणीच्या लग्नात तिचं दुखणं आड येईल अशी आत्याला भीती वाटली? ईप्सिताने मला मागून फोन केला. ध्रुवला तिने पहिल्या भेटीतच ईश्वरीबद्दल सगळं सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, मग काय झालं? म्हणजे तू जे झाकलंस ते कोणाला नकोच होतं. माझ्या लेकीचे शब्द मात्र गेले. 'आई' आता पुन्हा अडखळतो.

परवा विम्याकडून फोन आला. मी हरकत घेतली होती, ती मान्य झाली. येत्या गुरुवारी दुसऱ्या बाई येणार आहेत. हे कळल्यावर तू म्हणालीस, मी येते, या वेळी नीट समजावते. एवढ्यासाठी हे पत्र. येऊ नकोस, मुक्ता. त्या दिवशी ईश्वरी नेहमीच्या कपड्यांत माझ्याशेजारी बसेल आणि तिच्याबद्दल जे बोलायचं ते तिच्यासमोर, तिला विचारून बोललं जाईल. आत्याचं बोलणं खरं करायला निघालेली पोर कशी पडली, ते मी माझ्या अस्वल-सशांच्या जर्मनमध्ये सांगेन. अडखळेन. तीही अडखळते. चहा टाकायला कोणीच उठणार नाही.

लग्नाला आम्ही दोघी येऊ. पुढच्या रांगेत चाकांच्या खुर्चीला जागा ठेव.

इतकी वर्षं खाली 'तुझीच' लिहीत आले. आज नुसतं,

वहिनी