खुंटीवरची टोपी

वैनी,

चहा न घेताच दुकानावर चाललोय, रागावू नका. माझ्या उशीच्या अभ्र्यावरचे केस तुम्ही रोज गुपचूप झटकता, ते मला माहीत आहे.

काल डॉक्टरांना डोकं दाखवलं. फणीत थोडे केस सगळ्यांच्याच येतात, ते परत उगवतात, म्हणाले. पण माझ्या कपाळावरचे केस दोन्ही बाजूंनी मागं सरकतायत आणि टाळूवर नवे केस लई बारीक येतायत. ही टकलाची सुरुवात, घराण्यातच असतं म्हणे. अप्पा आणि अण्णा घरातसुद्धा टोपी का काढत नाहीत, ते तेव्हा उमगलं.

आज दुपारी अकलूजचे मुलीकडचे लोक मला बघायला येणार. अप्पा म्हणतात, टोपी घालूनच बस, आपल्यात तशीच रीत आहे.

अण्णाही टोपी घालूनच तुम्हाला बघायला आले होते की. वैनी, त्यांच्या टकलाचं आधी कळलं असतं, तरी तुम्ही हो म्हणाला असता का? आई असली तरी अव्वाला हे विचारता येत नाही.

म्हणाला असता, तर खुंटीवरची माझी टोपी लपवून ठेवा. मी उघड्या डोक्यानं बसेन.

नसता म्हणाला, तर टोपी तिथंच राहू द्या. मी काही विचारणार नाही.

चिठ्ठी चुलीत घाला.

रेवणसिद्ध