बहीण दीर्घ, नळ अर्धा इंच

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तावन्न, व्यवसाय मुद्रितशोधन, म्हणजे दुसऱ्यांच्या छापील मजकुरातल्या चुका काढणे, राहणार वाटणीच्या घराची मागची बाजू, सर्वप्रथम एक तक्रार नोंदवते. वकिलांनी या कामासाठी मला जो तयार नमुना दिला, त्याच्या माथ्यावर 'मृत्यूपत्र' असे छापले आहे. मृत्यू एकटा आला तर दीर्घ असतो, समासात आला की ऱ्हस्व होतो. एवढे ज्याला माहीत नाही, त्याच्या कागदावर मरायला मी तयार नाही. वकिलांना तसे सांगितले. ते म्हणाले, "बाई, कायद्याला चालतं." मी म्हटले, "कायद्याला चालत असेल. मरायचं मला आहे." सबब हे मृत्युपत्र मी कोऱ्या कागदावर, स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

येत्या गुरुवारी माझ्या पित्ताशयातले खडे काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, किरकोळ ऑपरेशन. किरकोळ काय ते ज्याचे पोट त्याने ठरवावे. इस्पितळाच्या संमतिपत्रात चार चुका होत्या, त्या मी दुरुस्त करून दिल्या; यावरून माझी मती शाबूत असल्याचे सिद्ध व्हावे. नर्सने तो कागद फाडला, दुसरा पुढे केला आणि म्हणाली, "यावर फक्त सही करा हं." मी केली. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पाण्याचा दाबही नाही, त्याबद्दल पुढे येईलच.

कलम १. घर

वडिलांनी घराची वाटणी केली तेव्हा पुढची बाजू दादाला दिली, मागची मला. मला दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मिळाले. पाणी द्यायचे राहून गेले. पाणीखात्याची मोठी वाहिनी पुढच्या रस्त्याखालून जाते. तिथून माझ्यापर्यंत यायला घराच्या कडेचा तीन फुटी बोळ आहे, आणि तो बोळ वाटणीत दादाकडे गेला. त्यामुळे नवा नळ घ्यायचा तर बोळाच्या मालकाचे ना हरकत पत्र लागते. ते मला नऊ वर्षे मिळालेले नाही.

आजवर मी बादल्यांवर निभावले. पण ऑपरेशननंतर तीन महिने बादली उचलायची नाही, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. नळ आला नाही तर मला हे घर सोडून कुठेतरी भाड्याच्या खोलीत जावे लागेल, आणि भाड्याच्या खोलीत माझे पुस्तकांचे कपाट दारातून आत जाणार नाही. मी जगले तर मला नळ हवा आहे. मेले तर ज्याला घर मिळेल त्याला हवा आहे. एकूण काय, नळ हवाच आहे.

हे घर मी दादाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला देते. भाची फोनवर 'हो' लिहिण्याऐवजी नुसता अंगठा पाठवते, हे माहीत असूनही देते. यात एक डाव आहे आणि तो लपवण्याची मला गरज वाटत नाही: माझ्यामागे दादाने बोळाला हरकत घेतलीच, तर ती त्याच्याच लेकीच्या घशाशी येईल.

कलम २. ना हरकत पत्राची खरी हकीकत

घराण्यात असे सांगितले जाते की दादाने पत्र दिलेच नाही. हे खोटे आहे. नऊ वर्षांपूर्वी त्याने ते मागताक्षणी लिहून दिले होते. मजकूर असा: 'माझी बहिण हिला माझ्या बोळातून नळ नेण्यास माझी काहि हरकत नाहि.'

ते घेऊन मी पाणीखात्यात गेले. खिडकी क्रमांक चार उघडायला वेळ होता. मी बाकावर बसले होते. पिशवीत लाल पेन होते. पुढचे समजून घ्यावे. 'बहिण'ची वेलांटी मी दीर्घ केली. मग 'काहि'ची. मग 'नाहि'ची. आणि बाजूला समासात बारीक अक्षरात नियमही लिहिला, कारण नियम न देता चूक दाखवणे मला उद्धटपणाचे वाटते.

खिडकीतल्या कारकुनाने कागद उजेडाला धरला.

"ही लाल शाई कुणाची?"

"माझी."

"आणि पत्र कुणाचं?"

"भावाचं."

"मग भावाच्या पत्रात तुम्ही कशाला लिहिलंत?"

"चुकलं होतं."

"आता चुकलं," कारकून म्हणाला. "खाडाखोड चालत नाही. नवीन घेऊन या."

मी तोच कागद घेऊन दादाकडे गेले. म्हटले, किरकोळ आहे, तीन वेलांट्या, पुन्हा लिहून दे, बघून बघून लिहिलेस तरी चालेल. दादाने कागदाकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, "बहीण दीर्घ हवी होय तुला? मग बस दीर्घकाळ." आणि दार लावून घेतले. वेलांट्या तीन, वर्षे नऊ. एका वेलांटीला तीन वर्षे पडली. माझ्या व्यवसायात इतका दर कोणी कोणाला दिलेला नाही.

कलम ३. भांडीकुंडी आणि पाण्याची सोय

मधल्या काळात मी काय प्यायले, असा प्रश्न न्यायालयाला पडू शकतो. दादा रोज सकाळी सहा ते पावणेसात फिरायला जातो. तो फाटकाबाहेर पडला की वहिनी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिरवी नळी बोळात सोडते. "वन्सं, लावा पटकन. आज स्वेटर घातलाय त्यांनी, थंडी वाजली की लवकर परततात." मग मी नळी निळ्या पिंपात टाकते, पिंप भरले की बादल्या.

एकदा दादा चष्मा विसरला म्हणून निम्म्या वाटेतून परत आला. वहिनीने नळी झटक्यात ओढून कुंडीत खुपसली.

"काय चाललंय?"

"झाडांना पाणी घालतेय."

"कुंडी तर एकच आहे."

"तहानलीय ती."

दुसऱ्या दिवसापासून दादा फिरून परत येताना कोपऱ्यावरूनच खोकत यायला लागला. इतका खोकतो, की सगळी गल्ली जागी व्हावी. डॉक्टरला दाखव, असे त्याला आजवर घरातले कोणीही म्हणालेले नाही.

निळे पिंप भाचीला. अकरा बादल्या पाणीखात्याच्या खिडकी क्रमांक चारला, स्मरणार्थ. तिथे छत गळते आणि ते एकाच बादलीवर भागवतात.

कलम ४. अवजारे

लाल पेने, सुमारे साठ, त्यातली चालू चाळीस, मी ज्या छापखान्यासाठी काम करते त्याच्या मालकाला. त्याने 'आशिर्वाद' असे छापलेली तीन हजार आमंत्रणे मला न दाखवता वाटली होती. त्याला पेनांचा उपयोग होईल. भिंग भाचीला. दोन खंडांचा शब्दकोश माझ्या आडमुठ्या दादाला. 'ब'च्या पानात मी खूण घालून ठेवली आहे.

कलम ५. ठेव आणि बातमी

बँकेतली ठेव भाचीला, त्यातून आधी नळ आणि मग बाकीची हौस. माझ्या निधनाची बातमी छापायला देण्याआधी कोणीही दोघांनी वाचावी. 'दुःखद'मधला विसर्ग खाल्ल्यास बातमी देऊच नये. लोकांना माझ्या जाण्याचे दुःख झाले नाही तरी चालेल, पण झालेच तर ते शुद्ध असावे.

पुरवणी, मंगळवारी लिहिलेली

वरचा मजकूर स्वच्छ उतरवून आणायला मी काल भाचीकडे दिला. माझी अट होती, कोणाला दाखवायचा नाही. तिने दाखवला नाही. पुढच्या स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने वाचला.

अर्ध्या तासात दादा माझ्या दारात. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"कलम चारमध्ये मला आडमुठा लिहिलंयस?"

"चूक आहे?"

"शब्द बरोबर असेल. माणूस चुकलाय."

तो बसला. घरभर नजर फिरवली. पिंपाकडे बघत म्हणाला, "एवढं लागतं तुला?"

"एकटीला पुरतं."

"बये, तुला वाटतं चुका काढल्यास म्हणून मी रुसलो?" तो म्हणाला. "चुका तू जन्मल्यापासून काढतेयस. मला नववीत हार्डवेअरच्या दुकानात बसवलं. चाळीस वर्षं मी खिळे लिहिले, कड्या लिहिल्या, बिजागऱ्या लिहिल्या. 'बहीण' लिहायची वेळच कधी आली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं. आणि तू त्यावर लाल केलंस, तेही परक्या माणसाच्या खिडकीत."

यात मला काढायला एकही चूक सापडली नाही. ही गोष्ट कायदेशीर दस्तऐवजात मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण असे पुन्हा होणार नाही.

मी म्हटले, "दादा, चुकले मी. परत लिहून दे. मी बघणार नाही."

"तू? न बघता? तुला औषधाच्या बाटलीवरच्या चुका दिसतात!"

"मग पाकीट चिकटवून दे."

त्याने मला भिंतीकडे तोंड करून बसवले. मी ऑपरेशनची बाई, तरी बसले. मागे पेन कागदावर अडखळत चालल्याचा आवाज येत होता. एका शब्दापाशी ते बराच वेळ थांबले. माझी मान किती दुखली हे मी कोणाला सांगणार नाही. मग त्याने पाकीट चिकटवले, आणि वरून नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप चारी बाजूंनी गुंडाळली. "गळती नको," म्हणाला. जाताना दारातून वळून म्हणाला, "आणि लोखंडी पाइप घेऊ नकोस. गंजतो."

आज सकाळी मी ते पाकीट खिडकी क्रमांक चारला दिले. कारकून तोच आहे, केस तेवढे गेलेत. त्याने टेप सोडवली.

"वाचू?"

"मनात वाचा," मी म्हटले.

तो मनात वाचू लागला. वाचताना एकदा हसला. का हसला, हे विचारायचे नाही म्हणून मी खिडकीचा गज धरून समोरच्या भिंतीवरचा 'येथे थुंकु नये' हा फलक पाहत राहिले, आणि त्यालाही काही म्हणाले नाही. कारकुनाने शिक्का मारला. "सोमवारी खोदायला येतील. घरी कोणीतरी थांबा."

सोमवारी मी एक तर इस्पितळात असेन, नाही तर कुठेच नसेन. म्हणून शेवटचे कलम.

कलम ६. प्लंबरला सूचना

मीटर फाटकाशी बसवावा. तिथून पाइप बोळातून, भिंतीला लागून, दोन फूट खोल. मागच्या कोपऱ्यावर वळण, आणि तिथून वर माझ्या स्वयंपाकघरात. तोटी पितळी हवी.

आणखी एक. काल दादा गेल्यावर वहिनी माझे इस्पितळात न्यायचे कपडे इस्त्री करून घेऊन आली. तिच्या हातांना भांड्यांची राख होती. म्हटले, दुपारचे दोन वाजले, अजून भांडी? तर म्हणाली, "आमचा नळ वडिलांच्या काळचा, वन्सं. आतून गंजलाय. सकाळी तासभरच जोर असतो, तो तुमच्या नळीत जातो; मग दिवसभर करंगळीएवढी धार राहते. होतात हो भांडी, हळूहळू." घरात हार्डवेअरवाला आहे, तो पाइप तो दर महिन्याला पुढच्या महिन्यात बदलणार असतो.

नऊ वर्षे मी पिंप भरले की नाही तेवढे पाहिले. तिला काय उरते, ते विचारले नाही.

तर प्लंबरने नवा पाइप वहिनीच्या खिडकीखालून जाईल तिथे एक टी, म्हणजे पाण्याला दोन वाटा देणारा जोड, बसवावी, आणि तिथून खिडकीतून आत, तिच्या ओट्यावर, एक वेगळी तोटी द्यावी. हे पाणी माझ्या मीटरमधून जाईल. बिल मागच्या घराने भरावे: मी असेपर्यंत मी, नंतर भाचीने, आणि किती वर्षे, असे तिने विचारू नये. काम झाले की तोटी बंद करून प्लंबरने निमूट निघून यावे. वहिनीने विचारले तर म्हणावे, नकाशातच होते. हे कलम पुढच्या स्वयंपाकघरात वाचू नये.

हे सर्व मी वाचले आहे, दोनदा, आणि एकच चूक सापडली, कलम चारमधली, ती तशीच ठेवली आहे.

सही: मुद्रितशोधक, मागची बाजू

साक्षीदार पहिली: कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाची मालकीण. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या शुद्धीत होत्या. माझ्या दुकानाच्या पाटीबद्दलही बोलल्या.

साक्षीदार दुसरा: प्लंबर, टोपणनाव वॉशर. सही केली. टी आणि जादा तोटीचे सामान बाईंनी आजच आणून दिले, मजुरीही दिली. कोणाला सांगणार नाही.

ठिकाण: मागचे स्वयंपाकघर

दिनांक: मंगळवार, ऑपरेशनला दोन दिवस बाकी